तीन हात आणि एक धागा

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. वेलांटी पहिली की दुसरी, हे मला चौथीतही नीट कळत नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच राहिली नाही. ही वही मुलीची, आठवीतली विज्ञानाची. पुढची पानं तिच्या आकृत्यांनी भरली आहेत. मागची कोरी होती, त्यांच्यावर लिहिते आहे. किराण्याची यादी सोडून कित्येक वर्षांत मी काही लिहिलेलं नाही. पण बोलून सांगायला गेले तर माझ्या तोंडून चार वाक्यांपुढे काही निघत नाही आणि ही गोष्ट चार वाक्यांत मावत नाही.

मी कर्वेनगरात चार घरी काम करते. त्यातलं एक घर काका-काकूंचं, तिसऱ्या मजल्यावर. काका एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. मशीनची हत्यारं आणि साचे बनतात ती जागा. काकू शाळेत गणित शिकवायच्या. दोघंही निवृत्त. मुलगा खराडीला कंपनीत, तिकडेच राहतो, रविवारी येतो.

त्या घरात पहिल्या दिवशी काकूंनी मला काम समजावलं. हॉलच्या एका भिंतीला लांब टेबल होतं आणि त्यावर काचेसारखी झाकणं असलेल्या तीन पेट्या.

"या टेबलाचं वरवर पुसायचं. झाकण उघडायचं नाही," काकू म्हणाल्या. "तिथे माझ्या तीन सवती राहतात. मलाही हात लावायची परवानगी नाही."

काका पेपरामागून म्हणाले, "परवानगी आहे. तू कधी अर्जच केला नाहीस."

मी हसले नाही. नवीन घरात पहिल्या दिवशी हसावं की नाही ते मला कळत नाही.

गाणं मोबाईलमधून येतं, नाहीतर मांडवातल्या भोंग्यातून, एवढंच मला तोपर्यंत ठाऊक होतं. त्या पेट्यांमधून गाणं येतं हे चार दिवसांनी कळलं. मी फरशी पुसत होते. काकांनी एक काळी तबकडी दोन तळव्यांच्या मध्ये धरून आणली. कडेला बोट लागेल पण पृष्ठभागाला लागणार नाही, अशी. गरम भाकरी आपण हातावर पेलतो तशी. ती फिरू लागली. मग त्यांनी बाजूचा दांडा उचलून तिच्या कडेवर ठेवला आणि खोलीत एक बाई गायला लागली.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ती बाई टेबलाच्या मागे बसली आहे असंच वाटलं. गाण्याआधी तिने श्वास घेतला, तोही ऐकू आला. तबकडीवर काहीच नव्हतं, नुसत्या बारीक रेघा. त्या रेघांमध्ये एका बाईचा श्वास कसा काय राहतो? आणि तो तिथून काढायला काय लागतं, तर एक दांडा आणि त्याच्या टोकाला डोळ्याला दिसेल न दिसेल अशी सुई.

त्या दांड्याला काका टोनआर्म म्हणत. मी मनात हातच म्हणायचे. खांदा, कोपर, पंजा, सगळं होतं त्याला.

तीन पेट्या, तीन हात. पहिला नागमोडी वळणाचा, चकचकीत, जपानी. मागच्या बाजूला गोल जाड वजन, पुढे सुई. तराजूसारखा तोललेला. काका ते मागचं वजन केसभर फिरवत आणि एका छोट्या काट्यावर सुईचा भार मोजत. पावणेदोन ग्रॅम. ग्रॅम हा शब्द मी सोनाराकडे ऐकला होता, तोही दुसऱ्यांच्या सोन्याचं वजन होताना.

दुसरा हात सरळ, काळा, बारीक. तो कशावर टेकलेला होता ते बघून मी पुष्कळ दिवस गोंधळात होते. त्याला बिजागरी नव्हती, खीळ नव्हती. एका उभ्या टोकावर तो नुसता ठेवलेला होता, बोटावर काठी तोलावी तसा. फुंकर लागली तरी डुले. पण गाणं सुरू झालं की असा स्थिर व्हायचा की त्याच्याकडे बघताना माझाच श्वास हळू होई.

तिसरा हात काकांनी स्वतः बनवलेला. त्याला खांदाच नव्हता. तबकडीच्या मागे एक पितळेची आडवी नळी होती, तिला टाचणीच्या टोकाएवढी भोकं. त्यातून हवा येई आणि त्या हवेवर दुसरी छोटी नळी तरंगे. सुई त्या तरंगणाऱ्या नळीला जोडलेली. हवेसाठी माशांच्या टाकीला लावतात तसला पंप गॅलरीत ठेवलेला होता.

"लोक मासे पाळतात," काकू म्हणायच्या. "आमच्याकडे नुसती हवा पाळली आहे. खायला काही लागत नाही, तेवढं बरं."

मी वर्षभर हे असं हात न लावता बघितलं. काकांना वाटे मला गाण्याची आवड आहे. होती, पण त्याहून मला त्या हातांची होती. कोणी बघत नसताना मी झाकणाजवळ तोंड नेऊन बघत बसे. माणसाने एवढी नाजूक वस्तू बनवावी, तीही एवढं जड काम करायला, याचं मला रोज नव्याने नवल वाटायचं.

आता जे झालं ते लिहिते.

पुण्याला आले तेव्हा, घरकामाच्या आधी, मी सहा वर्षं शर्टांच्या कारखान्यात होते. माझं काम धागे तोडायचं. शिवून आलेल्या शर्टाला काजापाशी, कॉलरपाशी, बाहीच्या टोकाला धागे लोंबत राहतात, ते कापायचे. एक धागा राहिला तर अख्खा गठ्ठा परत येई. कटर सगळ्यांना पुरत नसत म्हणून मी डाव्या अंगठ्याचं नख वाढवलं होतं. नखावर धागा घ्यायचा आणि दुसऱ्या बोटाने झटका. कापडाला ताण लागत नाही. ते काम सुटून कित्येक वर्षं झाली, पण सवय गेली नाही. बसमध्ये पुढच्या बाईच्या पदराला धागा दिसला तरी माझं नख शिवशिवतं. लोंबणारा धागा म्हणजे चूक, आणि चूक दिसली की तोडायची, हे माझ्या हातात बसलेलं आहे. विचाराला मध्ये जागाच नसते.

त्या दिवशी काकांनी दुसऱ्या हाताचं झाकण उघडलं होतं. तबकडी लावणार तेवढ्यात मुलाचा फोन आला आणि ते गॅलरीत गेले, हॉलमध्ये नीट ऐकू येत नाही म्हणून. मी टेबलाखालून केरसुणी फिरवून उठत होते. उठताना डोळ्यासमोर तो काळा हात आला. त्याच्या मागच्या बाजूला एक बारीक धागा लोंबत होता. नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं की तो एका तारेच्या कडीवरून खाली येतो आणि त्याच्या टोकाला मिऱ्याएवढं वजन आहे. मी नीट पाहिलं नाही. मला फक्त धागा दिसला.

नखाने तो तोडला.

वजन टप्पकन खाली पडलं. ते पकडायला मी वाकले आणि माझी बांगडी त्या काळ्या हाताच्या पुढच्या टोकाला अडकली. हात जागेवरून सुटला, गर्रकन फिरला आणि त्याची सुई तबकडीखालच्या फिरत्या थाळीच्या धातूच्या कडेवर आपटली. एवढासा आवाज झाला. भुईमुगाच्या शेंगेचं टरफल मोडावं तेवढाच.

मी हात उचलून होता तिथे ठेवला. वजन कमरेच्या बटव्यात टाकलं. भांडी घासायला गेले. हे सगळं मी केलं आणि माझ्याच तोंडाने कबूल करते की त्या वेळी मला भीतीशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

काका आले, त्यांनी तबकडी लावून सुई ठेवली. गाण्याऐवजी खरखर आली. मी नळ बंद केला. त्यांनी डोळ्याला भिंग लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ते खुर्चीत बसले.

"मोडली," ते काकूंना म्हणाले. "सकाळी ही जागेवर ठेवताना हात थरथरला होता माझा. तेव्हाच लागलं असणार. दोराही तुटलाय."

"असू दे. नवीन आणा," काकू म्हणाल्या.

"नवीन आणून परत मोडू?"

काकांचा उजवा हात काही महिन्यांपासून कापायचा. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. काकूसुद्धा त्यावर कधी टोमणा मारत नसत आणि त्यावरूनच मला कळलं होतं की गोष्ट साधी नाही.

"बाई," काकांनी मला हाक मारली, "इथे खाली एक छोटं वजन पडलं असेल. मिऱ्याएवढं. जरा झाडून बघता का?"

मी झाडलं. टेबलाखाली, सोफ्याखाली, पडद्यामागे. वजन माझ्या बटव्यात होतं आणि मी ते झाडूने शोधत होते. "नाही दिसत," म्हणाले. ते म्हणाले, "राहू द्या. तुमचा वेळ जातोय."

दुसऱ्या दिवशी तिन्ही झाकणं बंद होती. तिसऱ्या दिवशीही. गॅलरीतल्या पंपाचा आवाज नव्हता. काका खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत होते. काकू फोनवर मुलाशी बोलत होत्या, म्हणून मला कळलं. काकांनी तिन्ही पेट्या विकायला काढल्या होत्या. मुलाच्या ऑफिसातला कोणी एक जण रविवारी बघायला येणार होता. त्यालाच सगळ्या तबकड्याही द्यायच्या.

"अहो, पण एक सुई मोडली म्हणून?" काकू त्यांना म्हणाल्या. त्या दिवशी सवतींचा विषय त्यांनी काढला नाही.

"सुई नाही," काका म्हणाले. "हात गेला. चाळीस वर्षं मी मायक्रॉनचं काम केलं. आता पावणेदोन ग्रॅम झेपत नाही. मग कशाला ठेवायचं?"

मी ओट्यापाशी उभी होते. मला मायक्रॉन माहीत नव्हता. पण हे कळलं की त्यांचा हात गेलेला नाही. माझ्या नखाने त्यांना तसं वाटायला लावलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. काम जाईल, ही भीती होती. दुसऱ्या घरी सांगतील, ही होती. चोर ठरेन, कारण वजन माझ्याकडे होतं. पण सगळ्यात जास्त लाज याची वाटत होती की तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं आणि तेच मला येत नव्हतं. शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी खाली बघायचे. पस्तीस वर्षांची झाले तरी खालीच बघत होते.

शनिवारी सकाळी गेले. चप्पल काढली, केरसुणीला हात लावला नाही. सरळ काकांसमोर जाऊन ते वजन टेबलावर ठेवलं.

"सापडलं?" काका म्हणाले.

"सापडलं नाही. माझ्याकडेच होतं."

काकू आतून आल्या.

"धागा मी तोडला," मी म्हणाले. "लोंबताना दिसला म्हणून. मग बांगडी अडकली आणि सुई आपटली. तुमच्या हाताने नाही मोडली."

एवढं बोलले आणि फरशीकडे बघत राहिले. मीच पुसलेली फरशी.

काकांनी भिंग उचललं. ती पेटी उघडली, तुटलेल्या धाग्याचं टोक पाहिलं.

"कशाने कापलंत?"

"नखाने."

"नखाने? एका झटक्यात?"

"शर्टाच्या कारखान्यात होते."

त्यांनी भिंग काकूंकडे दिलं. "बघ. पिंजारलेलं नाही. ब्लेडने असं होत नाही."

"आता तिला बक्षीस देणार का?" काकू म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बदलला होता. त्या काकांच्या हाताकडे बघत होत्या.

काकांनी आपला उजवा हात पुढे धरला. तो कापत होता. ते त्याच्याकडे असे बघत राहिले, जसा कोणी गावाला गेलेला परत आला आहे.

"कापतो तर कापतोच," ते म्हणाले. "पण मोडली याने नाही."

मग ते हसायला लागले. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "म्हणजे उद्या तो माणूस येणार नाही. मी पोह्यांचं सामान आणून ठेवलंय. ते आता कोण खाणार?"

मी म्हणाले, "सुईचे पैसे मी देणार."

"काही नको," काकू म्हणाल्या. "खरं बोललीस तेवढं पुरे."

पण काकांनी काकूंना थांबवलं. ते म्हणाले, "आमच्या टूलरूममध्ये एक पद्धत होती. ड्रिल मोडलं तर मोडलेला तुकडा सामान देणाऱ्या खिडकीवर जमा करायचा. तुकडा दिल्याशिवाय नवं मिळत नसे. तुकडा आणून देणाऱ्याला कोणी रागवायचं नाही, त्याचं नाव वहीत जायचं, पगारातून कापून व्हायचं आणि विषय संपायचा. जो तुकडा लपवायचा त्याला मात्र परत मशीनवर उभं करत नसत." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही तुकडा आणून दिलात. तीन दिवस उशिरा दिलात. सुई पंधरा हजारांची आहे, बाई. जमेल?"

एवढ्याशा सुईचे पंधरा हजार असतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते मला जमेल का असं विचारत होते, ते मला माफ करून मोकळे झाले नव्हते, याचं मला आजही बरं वाटतं.

"महिन्याला पाचशे," मी म्हणाले.

"तीस महिने," काकू म्हणाल्या. गणिताच्या बाई त्या, त्यांना वेळ लागला नाही. "तोवर तुम्ही दोघांनी टिकून राहायचं म्हणजे."

नवीन सुई यायला दीड महिना लागला. ती बसवायच्या दिवशी काकांनी मला हाक मारली. जुना धागा फेकून दिला होता, नवा बांधायचा होता. केसासारखा नायलॉनचा धागा, त्याला फास करायचा, तो वजनाला घालायचा, दुसरं टोक हातामागच्या काडीवरच्या खाचेत.

"माझ्याने हे होणार नाही," काका म्हणाले. "तुम्हीच तोडलात, तुम्हीच बांधा."

मी बांधला. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला. मग त्यांनी मला तो धागा कशासाठी असतो ते सांगितलं. तबकडी फिरते तेव्हा सुईला आत, मधल्या बाजूला ओढते. ओढ एवढी थोडी की आपल्याला दिसत नाही, पण सुईला कळते. ती तबकडीवरच्या रेघेच्या एका भिंतीला घासत राहते आणि एका कानातला आवाज फाटतो. म्हणून हा धागा मिऱ्याएवढ्या वजनाने तेवढंच बाहेर ओढतो. जास्त नाही, कमी नाही. ओढ किती, ते धागा काडीवरच्या कोणत्या खाचेत अडकवायचा त्यावर ठरतं.

मी सहा वर्षं लोंबणारे धागे तोडले. लोंबणं हेच काम असलेला धागा मी पहिल्यांदा बघत होते.

त्यानंतर काकांनी मला झाकणं उघडायची परवानगी दिली. मी अर्ज केला नव्हता. आधी धूळ पुसायला, मग तबकडी लावायला. आणि एके दिवशी त्यांनी मला ऐकायला बसवलं. खरोखर, खुर्चीत.

"मला वरचे बारीक आवाज आता येत नाहीत," ते म्हणाले. "वयाने जातात. तिन्ही हातांवर तेच गाणं लावतो. फरक सांगा."

मला खुर्चीत बसायचा संकोच वाटत होता. काकू म्हणाल्या, "बस गं. त्यांना एक तरी माणूस हवं होतं ऐकणारं. मी सुटले."

मला काय सांगायचं ते येईना. काका म्हणाले, जसं वाटतं तसं सांगा. मग मी म्हणाले, पहिला नागमोडी हात गाणाऱ्या बाईचं गाणं दारात उभं राहून ऐकतो. सगळं ऐकतो, खूश असतो, पण आत येत नाही. दुसरा, टोकावरचा, तिच्यासमोर मांडी घालून बसलेला आहे. तिचे ओठ मिटतात तेही त्याला कळतं. पण गाणं संपत आलं की या दोन्ही हातांचं जरा बिघडतं. "स" आला की फुसफुसतं.

"तबकडीच्या आतल्या भागात?"

"हो. बाहेर नाही. आत गेलं की."

काका टाळ्या वाजवायचे बाकी राहिले. त्यांनी एक पुठ्ठा घेतला, त्यावर रेघा काढल्या. तबकडी बनवताना ती कोरणारी सुई बाहेरून मध्याकडे सरळ रेषेत चालते. पण ऐकवणारा हात खांद्यावर फिरतो. म्हणून त्याचा मार्ग गोल होतो. सगळ्या तबकडीत फक्त दोन जागी सुई अगदी बरोबर बसते. बाकी सगळीकडे थोडी तिरकी.

"समजलं?"

मला समजलं होतं. पुठ्ठ्यामुळे नाही. मी म्हणाले, "फरशी पुसते तसं." एका जागी बसून हात फिरवला की फडक्याचा माग गोल उमटतो. भिंतीची कड सरळ असते, म्हणून कोपरा राहतो. कोपऱ्यासकट सरळ पुसायचं तर आपणच उकिडवं पुढे सरकत जावं लागतं. खांदाच चालवावा लागतो.

काका तिसऱ्या पेटीकडे, त्या पितळेच्या नळीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे मी सात वर्षं करतोय. खांदाच चालवायचा. हे सांगायला मला दोन तास लागतात आणि लोक उठून जातात."

तिसरा हात लावला. मी डोळे मिटले. गाण्याच्या सुरुवातीला तो दुसऱ्याएवढा जवळ नव्हता. पण जसजसं गाणं आत जाई तसतसा तो तिच्या मागोमाग चालत होता. "स" फुटला नाही. शेवटची तान सुरुवातीइतकीच स्वच्छ. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. गाण्यामुळे आला की माणसाने माशांच्या पंपावर हे केलं त्यामुळे, मला सांगता येत नाही. सुईला वाट माहीत नाही, हवेला वाट माहीत नाही, आणि ती रेषा कोणी तरी फार पूर्वी, फार लांब कोरलेली. तिच्यावरून एक नळी हवेत तरंगत चालली आहे.

"पण मागे काहीतरी धडधडतं," मी म्हणाले. "बारीक. छातीसारखं."

काकांचा चेहरा पडला. त्यांना ते कधी ऐकू आलंच नव्हतं. हवा पंपातून ठोके घेत येते, ते ठोके सुईपर्यंत पोचत होते. मला वाटलं मी पुन्हा काहीतरी मोडलं. पण पुढच्या आठवड्यात पाण्याचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन पंप आणि नळी यांच्या मध्ये बसवलेला दिसला. हवा आधी कॅनमध्ये भरते, शांत होते, मग पुढे जाते. मी ऐकलं. धडधड गेली होती.

"आता कॅन पाळलाय," काकू म्हणाल्या.

रविवारी मुलगा यायचा तेव्हा मी नसायचे. एकदा मला उशीर झाला तेव्हा भेटला. म्हणाला, "बाबा, सिरियसली, हे सगळं फोनवर फ्री आहे." काका म्हणाले, "तुझ्या फोनला हात आहे का?" तो माझ्याकडे बघून हसला. मी या वेळी हसले.

तीस महिन्यांत दोनदा खंड पडला. एकदा मुलीची फी होती, एकदा मला डेंग्यू झाला. काकांनी ते दोन महिने कॅलेंडरवर गोल करून पुढे नेले. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांचा हात आता जास्त कापतो. सुई तबकडीवर मी ठेवते. तिघांची तऱ्हा वेगळी. नागमोडीला खाली सोडायला छोटी दांडी आहे. तिसऱ्याला आधी फुंकर मारून रेषेवर आणावं लागतं. टोकावरचा नुसता बोटाने, श्वास धरून. काका खुर्चीतून सांगत नाहीत. फक्त बघतात. मी ठेवली की मान हलवतात.

आज बत्तिसावा महिना होता. पगाराचं पाकीट घेतलं, त्यातून पाचशेची नोट काढली आणि टेबलावर, त्या टोकावरच्या हाताच्या पेटीशेजारी ठेवली. याआधी एकोणतीस वेळा अशीच ठेवली होती, ही तिसावी.

काकांनी खण उघडला. काड्यापेटी काढली. आत कापसावर ती मोडलेली सुई होती.

"पैसे पूर्ण झाले की तुकडा कामगाराचा," ते म्हणाले. "न्या."

भिंग लावून बघितलं. सुईचा दांडा वाकून गेलेला, टोकाचा हिरा मात्र जागेवर होता, एवढासा चमकत. ज्यातून त्या बाईचा श्वास आला होता तो हाच.

काकू कॅलेंडरपाशी गेल्या, त्याच्यामागे टांगलेली जुन्या वर्षांचीही उलटली. चष्मा वर केला, सगळे गोल आणि सगळ्या खुणा पेनाच्या टोकाने मोजल्या, शाळेतली वही तपासावी तशा. मग आजच्या तारखेवर खूण केली आणि खाली लिहिलं, पंधरा हजार, पूर्ण.

"आता तुझं काही देणं नाही," त्या म्हणाल्या. "तरी उद्या येणार ना?"

मी म्हणाले, येणार. मी लावावी म्हणून काकांनी तबकडी काढून ठेवली होती.